हातातलं आणि हाताबाहेरचं

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूरच्या परिसरातली जमीन हादरली. इथली घरं दिसायला भक्कम होती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचं जड माळवद. पण भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मधे नुसते दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारं काही नव्हतंच. धक्क्यासरशी थर सुटे झाले, माळवद खाली आलं आणि झोपेतल्या हजारो माणसांवर त्यांचंच घर कोसळलं.

त्यानंतरच्या पुनर्वसनाने दोन वाटा धरल्या. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्त्यांच्या त्या वसाहतींत लोकांना तयार घरं मिळाली. दुसरी वाट दुरुस्तीची होती. तडे गेलेली, अर्धवट पडलेली सुमारे दोन लाख घरं मालकांनीच उभी करायची, पैसे हप्त्याहप्त्याने त्यांच्या खात्यात यायचे आणि अभियंत्यांनी सल्ला द्यायचा, असं ठरलं. ही वाट सुरुवातीला अडली. दगडाचीच धास्ती बसलेली, बँकेची पायरी अनेकांनी कधी चढलेली नाही, सरकारी माणसाशी बोलायची सवय नाही. मग गावोगावी त्याच गावातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. भिंतीचे दोन थर बांधणारा आरपार दगड कुठे बसवायचा, माळवदावरची माती का कमी करायची, भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे या बायका शिकल्या. घरोघरी जाऊन सांगू लागल्या आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या.

नव्या वसाहतींतली घरं मजबूत होती, तरी बऱ्याच कुटुंबांना ती दीर्घकाळ परकी वाटत राहिली. वाड्याचं अंगण नव्हतं, गुरांना जागा नव्हती, शेजार बदलला होता. हळूहळू लोकांनी स्वतः त्यात भर घातली. कुणी पडवी काढली, कुणी आडोसा केला, कुणी कुंपण घातलं. मग ती घरं त्यांची होऊ लागली.

मोठ्या आघातातून सावरायला डोक्यावर छप्पर लागतं, पोटाला अन्न लागतं, जवळची माणसं लागतात. त्याशिवाय आणखी एक गोष्ट लागते आणि ती मदतीच्या यादीत सहसा नसते. माझ्या हाताने काहीतरी बदलतं, हा अनुभव. मराठी भाषेला हे फार पूर्वीच कळलेलं असावं. खचलेला माणूस हातपाय गाळतो, नाहीतर हात टेकतो. परिस्थिती हाताबाहेर जाते. सावरणारा हातपाय हलवू लागतो आणि मदत करणारा हात देतो. संकटानंतरची उभारी मनाच्या कुठल्या गूढ कोपऱ्यातून येते असं आपण समजतो. पण गेल्या साठ वर्षांतलं संशोधन सांगतं की ती बरीचशी हातांतून येते.

ज्यांनी उडी मारलीच नाही

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. असे प्रयोग आज कुणी करू देणार नाही आणि करूही नयेत. पण त्यातून जे समजलं ते मोलाचं आहे. कुत्र्यांचे तीन गट होते. पहिल्या गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने एक फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तितकेच आणि तितकाच वेळ झटके बसत, मात्र त्यांनी काहीही केलं तरी थांबत नसत. तिसऱ्या गटाला झटकेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातले कुत्रे चटकन उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे कण्हत तिथेच पडून राहिले. वाट समोर होती, पाय शाबूत होते, पण उडी मारून काही उपयोग होईल ही अपेक्षाच मरून गेली होती.

पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या वेदनेत फरक नव्हता. फरक एवढाच की एकाच्या धडपडीला अर्थ होता आणि दुसऱ्याच्या नव्हता. म्हणजे मोडून टाकलं ते वेदनेने नाही, आपल्या करण्याने काही होत नाही या शिकवणुकीने. सेलिगमन यांनी याला शिकलेली असहायता म्हटलं. जे वाइस या संशोधकाने उंदरांवर असेच प्रयोग केले, तेव्हा तोच हिशेब शरीरातही दिसला. चाक फिरवून झटका थांबवता येणाऱ्या उंदरांपेक्षा, तेवढेच झटके मुकाट सोसणाऱ्या उंदरांच्या जठरात कितीतरी जास्त व्रण झाले.

माणसांमध्ये हे चित्र ओळखीचं आहे. तीनदा परीक्षेत नापास झालेला मुलगा चौथ्या वेळी अर्जच भरत नाही. सासरी कधीच कुणी मत न विचारलेली बाई, पुढे मुलगा आपणहून विचारतो तेव्हाही “तुम्हाला हवं ते करा” असं म्हणते. आपण त्याला आळस म्हणतो किंवा तिचा स्वभावच तसा म्हणतो. खरं तर ते फार कष्टाने शिकलेलं गप्प बसणं असतं.

मेंदूचा उलटा हिशेब

गंमत म्हणजे पन्नास वर्षांनी त्याच दोघांनी आपला मूळ निष्कर्ष स्वतःच फिरवला. मायर मधल्या काळात मेंदूविज्ञानाकडे वळले होते. उंदरांच्या मेंदूवरच्या दीर्घ अभ्यासातून जे हाती आलं, ते २०१६ साली दोघांनी मिळून मांडलं. असहायता शिकावी लागत नाही, ती मुळातच असते. आघात लांबला की मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक पुंजका जोरात कामाला लागतो आणि त्यातून भीती वाढते, हालचाल मंदावते. ही जिवाची जन्मजात प्रतिक्रिया आहे. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या कृतीने काही थांबतं, काही बदलतं, हे कपाळामागच्या मेंदूच्या एका भागाला उमगलं की तो भाग खालच्या पुंजक्याला आवर घालतो. एकदा हा अनुभव गाठीशी आला की पुढच्या, खरोखरच हाताबाहेरच्या आघातातही तो काही अंशी कवचासारखा कामी येतो, असंही उंदरांमध्ये दिसलं.

या शोधातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही दिलासा देणाऱ्या आहेत. पहिली अशी की संकटात बधिर होऊन बसलेला माणूस दुबळा नसतो. त्याचं शरीर त्याला जे येतं तेच करत असतं. म्हणून स्वतःला किंवा घरातल्या कुणाला “एवढंही जमत नाही का” असं म्हणणं अन्याय्य आहे. दुसरी अशी की ताबा शिकता येतो, आणि तो व्याख्यानाने किंवा सुविचाराने शिकवता येत नाही. हाताने काही केलं, त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला, असं अनेकदा घडावं लागतं.

एका कुंडीचं मोल

हा अनुभव किती छोटा चालतो? १९७२ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी आवाजाच्या त्रासावरचे आपले प्रयोग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. लोकांना कर्कश गोंगाटात कामं करायला बसवलं होतं. काहींना सांगितलं होतं की फारच असह्य झालं तर हे बटण दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी बटण दाबलंच नाही. तरीही नंतर अवघड कोडी सोडवताना ते जास्त वेळ टिकले आणि मुद्रितं तपासताना त्यांच्या चुका कमी झाल्या. थांबवता येतं एवढं माहीत असणंच त्यांना पुरलं.

१९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रॉडिन यांनी कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात केलेला अभ्यास त्याहून बोलका आहे. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं गेलं की खोली कशी लावायची, कुणाला भेटायचं, सिनेमा कुठल्या संध्याकाळी पाहायचा, हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोप निवडायला दिलं आणि ते सांभाळायचं काम त्यांचंच ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर आपुलकी तेवढीच होती, रोपंही दिली, पण कर्मचारी सगळं बघतील आणि पाणी परिचारिका घालतील असं सांगितलं. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरचे वृद्ध जास्त उत्साही आणि बोलके दिसू लागले. दीड वर्षाने पाहिलं तेव्हा त्यांच्यातले १५ टक्के दगावले होते, दुसऱ्या मजल्यावरचे ३० टक्के. गट लहान होते, त्यामुळे कुंडीला पाणी घातलं की आयुष्य वाढतं असं कुणी समजू नये. तरी हा अभ्यास आपल्या घरांकडे बोट दाखवतो.

कारण आपल्याकडे प्रेमाची रीतच अशी आहे. बाबांच्या छातीत एकदा दुखलं की घर त्यांना म्हणतं, “आता तुम्ही काही करायचं नाही, नुसता आराम करायचा.” भाजी आणणं गेलं, वीजबिल भरणं गेलं, नातवाला शाळेत सोडणं गेलं. वर्षभरात तो माणूस खुर्चीत नुसता बसून राहतो आणि आपण म्हणतो, आजारपणाने खचले हो. त्या खचण्यात आजारपणाचा वाटा किती आणि आपल्या मायेचा किती, हे एकदा मोजून पाहायला हवं. काम डॉक्टरांना विचारून कमी करावं, पण एखादी तरी गोष्ट अशी ठेवावी जी त्यांनी केली नाही तर होणार नाही.

याच काळात रिचर्ड शुल्झ यांनी आणखी एक अभ्यास केला. वृद्धांना भेटायला महाविद्यालयीन मुलं येत. काही वृद्धांना भेट कधी आणि किती वेळ हे स्वतः ठरवता येत होतं किंवा निदान आधी कळत होतं. त्यांची तब्येत आणि उमेद सुधारली. पण अभ्यास संपला, मुलं यायची थांबली, तेव्हा तेच वृद्ध इतरांपेक्षा जास्त खालावले. दिलेला ताबा अचानक काढून घेणं हे तो कधीच न देण्यापेक्षाही जास्त लागतं. म्हणून कुणाला हात द्यायचा तर टिकेल असा द्यावा.

कामाच्या टेबलावर

मोठ्या पदाची माणसं ताणाने मरतात असा आपला समज असतो. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने तो मोडीत काढला. सुमारे १८ हजार पुरुषांच्या या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे निरोपे आणि द्वारपालांचा, मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे कारणं धरूनही फरकाचा मोठा भाग उरत होता. १९८५ साली मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १० हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात दिसलं की ज्यांना आपलं काम कसं आणि कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवण्याची मोकळीक कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. कामाचा डोंगर माणसाला दमवतो. पण डोंगर आहे आणि पायवाटही दुसऱ्यानेच आखायची, हे त्याला आतून पोखरतं.

प्रत्येकाला साहेब होता येणार नाही. पण सकाळचं पहिलं काम कोणतं घ्यायचं, जेवणाची वीस मिनिटं फोनविना घालवायची की नाही, कोणता निरोप लगेच द्यायचा आणि कोणता संध्याकाळी, असे लहान निर्णय बहुतेक नोकऱ्यांत शिल्लक असतात. ते आपण सवयीने दुसऱ्याच्या हवाली करतो.

कौआईची मुलं

ही उभारी बालपणातच ठरून जाते का? हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रुथ स्मिथ यांनी कित्येक दशकं घेतला. त्यातली सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, जन्मावेळच्या अडचणी, घरातली भांडणं, व्यसन, आईवडिलांचं मानसिक आजारपण अशा एकाहून अधिक ओझ्यांखाली वाढत होती. तरी त्यांतलं साधारण दर तिसरं मूल सक्षम, आत्मविश्वासाचं, दुसऱ्याची काळजी घेणारं माणूस झालं.

त्यांच्यात वेगळं काय होतं? बहुतेकांच्या आयुष्यात एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. बऱ्याच जणांवर लहानपणीच एखादी खरी जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरकामातला ठरलेला वाटा उचलणं. आणि मोठं होताना त्यांची अशी समजूत झाली होती की आपलं आयुष्य निदान थोडंफार तरी आपल्या करण्यावर अवलंबून आहे. याच समजुतीला ज्युलियन रॉटर यांनी १९६६ साली मोजपट्टी दिली. घडणाऱ्या गोष्टींचा लगाम माणूस कुठे आहे असं मानतो, स्वतःच्या हाती की नशीब आणि इतरांच्या हाती, हे ती मोजते.

मला या अभ्यासातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. किशोरवयात वाट चुकलेल्या मुलांपैकीही बरीच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणी पुन्हा शिकलं, कुणाला सैन्यातल्या शिस्तीने आधार दिला, कुणाला चांगला जोडीदार मिळाला. दार एकदाच उघडतं असं काही नाही.

जॉन हेन्रीचा इशारा

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळं आपल्याच हातात आहे आणि जो खचला त्याचीच चूक. असं समजणं धोक्याचं आहे, आणि त्या धोक्याला नावही आहे. अमेरिकेतल्या लोककथेत जॉन हेन्री हा कृष्णवर्णीय मजूर वाफेच्या छिद्रयंत्राशी पैज लावतो, हातोड्याने डोंगर फोडत यंत्राला हरवतो आणि जिंकताच कोसळून मरतो. शर्मन जेम्स या साथरोगतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हीच गोष्ट आठवली. अंगमेहनतीने आणि निग्रहाने परिस्थितीवर मात करायचीच अशी ज्यांची वृत्ती होती, पण शिक्षण आणि साधनं तुटपुंजी होती, त्यांच्यात रक्तदाब जास्त आढळला. साधनांशिवाय नुसता निर्धार माणसाला आतून जाळतो.

आपल्याकडे हे सांगायला अमेरिकेत जायला नको. ऐन फुलोऱ्यात पाऊस गेलेल्या आणि बाजारात भाव पडलेल्या शेतकऱ्याला “खंबीर राहा” एवढंच म्हणणं म्हणजे त्याच्या ओझ्यावर आणखी एक धोंडा ठेवणं आहे. किल्लारी भागातल्या घरमालकांनी आपली घरं उभी केली, कारण त्यांच्या खात्यात पैसे आले, सल्ल्याला अभियंता होता आणि शेजारच्या गल्लीतली बाई समजावून सांगत होती. ताबा म्हणजे एकट्याने लढणं नव्हे. निर्णय माणसाचा आणि पाठबळ समाजाचं, अशी ती जोडी आहे. पाठबळ नसेल तिथे ते मागणं, त्यासाठी संघटित होणं, हाही ताबा घेण्याचाच एक प्रकार आहे. महाराष्ट्रात गावोगावी चालणारे महिला बचत गट हे त्याचं उत्तम उदाहरण. गटातली शिल्लक लहान असते, पण मुलीच्या फीसाठी किंवा शिलाई यंत्रासाठी कर्ज घ्यायचं की नाही, हे ठरवणारी सही बाईची स्वतःची असते.

सुरुवात कुठून करायची

मन उभं राहिलं की काम सुरू करू, असं आपण म्हणतो. नैराश्यावरच्या एका साध्या उपचाराचा क्रम याच्या उलट आहे. उदास माणूस हळूहळू लोकांत जाणं, आवडीची कामं, नेहमीचा व्यवहार सोडतो. त्यामुळे आनंदाचे आणि जमलं म्हणण्याचे प्रसंग आटतात आणि उदासी आणखी वाढते. हा फेरा कृतीपाशी तोडायचा. मन तयार नसतानाही आधीच ठरवलेली, आवाक्यातली एक गोष्ट करायची आणि मग मनाला मागून येऊ द्यायचं. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर हे पारखून पाहिलं. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य समुपदेशक होते, आणि बैठका सहा ते आठच होत्या. तीन महिन्यांनी या उपचाराच्या गटात ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच, जरा सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला.

याच तत्त्वावर रोजच्या आयुष्यात काय करता येईल?

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. हातातलं, थोडं हातातलं, हाताबाहेरचं. समजा नोकरी गेली आहे. कंपनीचा निर्णय आणि बाजारातली मंदी हाताबाहेर. दोन जुन्या सहकाऱ्यांना फोन करणं आणि घरखर्चाची वही लिहायला बसणं हातात. नवी नोकरी मिळणं हे थोडं हातातलं. आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी या मधल्या रकान्यात असतात. त्यांचे तुकडे करायचे आणि जमेल तो तुकडा पहिल्या रकान्यात ओढून आणायचा. मधुमेह झाला हे बदलत नाही, पण औषधाची वेळ, जेवणातला भात आणि संध्याकाळचं चालणं हे तीन तुकडे आपले आहेत.

मग त्यातला सर्वांत लहान तुकडा निवडा आणि त्याला जागा आणि वेळ द्या. ‘रोज चालायचं’ हा संकल्प चार दिवसांत विरतो. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन यायचं’ हा टिकायची शक्यता जास्त. जर असं झालं तर मी तसं करीन, या पद्धतीने आधीच ठरवलेली गोष्ट हातून जास्त घडते, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाने दाखवलं आहे. ज्या प्रसंगाची भीती वाटते त्यासाठीही हे चालतं. वसुलीवाल्याचा फोन आला तर काय बोलायचं, हे आधी लिहून ठेवलेला माणूस फोन वाजल्यावर कमी घाबरतो.

रात्री झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहा. आज मी काय केलं आणि त्याने काय झालं. दुसरा भाग महत्त्वाचा. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की मला हे जमेल हा विश्वास मुख्यतः आधी जमल्याच्या अनुभवातून येतो. नंतर आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहून, कुणाच्या शब्दाने, आणि शरीर शांत असण्याने. पण खचलेल्या मनाला अपयश लख्ख आठवतं आणि जमलेलं निसटून जातं. ते वहीत पकडून ठेवावं लागतं.

स्वतःशी आपण काय बोलतो, तेही हातातलं आहे. ‘नोकरी गेली’ ही घटना आहे. ‘आता सगळं संपलं’ हे आपण जोडलेलं वाक्य आहे. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक आल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर हाच भेद शिकवला आणि त्याचं मूळ एपिक्टेटस या रोमन काळातल्या तत्त्वज्ञाकडे जातं असं ते सांगत. एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढला होता. ज्याचं शरीरही मालकाच्या ताब्यात होतं, त्याने काय आपल्या हाती आहे आणि काय नाही याचा विचार सर्वांत बारकाईने करावा, यात नवल नाही.

काळही लहान करता येतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी आणि व्यसनमुक्तांच्या सभांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. जन्मभराचं ठरवू नका, फक्त आजचा दिवस. जन्मभर न पिणं कुणाच्याच हातात मावत नाही. आजची संध्याकाळ मावते.

आणि एवढं करूनही पाऊल उचलत नसेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर मदत मागणं ही त्या दिवशीची हातातली गोष्ट आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. फोन उचलून तो आकडा लावणं ही हार मानण्याची खूण नाही. आपल्या आयुष्याचा लगाम पुन्हा धरायला पुढे केलेला तो हात आहे.

हात दिला की हात वाढतात

१९४९ साली बाबा आणि साधनाताई आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन सुरू केलं. उपचार न मिळालेल्या कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते, न कळलेल्या जखमांनी ती झिजत जातात, आणि समाज तर माणसालाच झिडकारतो. अशा माणसांना त्या काळी फार तर भीक मिळत असे. आनंदवनात त्यांना काम मिळालं. त्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, घरं बांधली. पुढे १९६४ साली तिथे उभं राहिलेलं महाविद्यालय गावातल्या निरोगी मुलांसाठीही होतं. ज्यांना घेण्याखेरीज काही उरलं नाही असं जग म्हणत होतं, ते देणारे झाले. रोगाने नेलेली बोटं परत आली नाहीत. पण आपल्या हाताने काही बदलतं, हा अनुभव परत आला.

किल्लारीच्या बायकांचंही तसंच झालं. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तिथेही दगडमातीच्या भिंती कोसळल्या होत्या आणि माणसं मोकळ्या आभाळाखाली सुन्न बसली होती. तेव्हा लातूर भागातल्या बायका कच्छच्या गावांत गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. पण घर गेल्यावर काय वाटतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि आरपार दगड कुठे बसवायचा हेही. सात वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी बँकेची पायरी पाहिली नव्हती. आता त्या दुसऱ्या बायकांना सांगत होत्या, भिंत कशी बांधायची आणि सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून करायची.